मु. पो. भारत

नागपुरात ‘रेसिडेन्सी’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सदरमधला रेसिडेन्सी रोड रोजच्या जाण्यायेण्याचा. देवगावच्या तहानंतर, १८०४ पासून, भोसल्यांच्या दरबारात ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट कायमचा येऊन बसला. आधी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, त्याच्यामागून रिचर्ड जेन्किन्स. रेसिडेंटाचं रोजचं काम लढाईचं नव्हतं, लिहिण्याचं होतं. दरबारात कोण आलं, कोणाचं कोणाशी फाटलं, खजिन्यात काय उरलं, फौजेचा पगार किती थकला, हे सगळं टिपून कलकत्त्याला धाडायचं. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली आणि आप्पासाहेब भोसले हरले. तिसरे रघुजी १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले. पुढच्याच वर्षी डलहौसीनं राज्य खालसा केलं आणि भोसल्यांचं जडजवाहीर कलकत्त्याच्या लिलावात निघालं. राज्य गेलं त्याच्या कितीतरी आधी राज्याची खबरबात परक्याच्या कचेरीत मुक्कामाला गेली होती. रेसिडेन्सीतल्या त्या कागदांतले निवडक खंड नागपुरातून छापले गेले ते स्वातंत्र्य मिळाल्यावर, १९५० च्या दशकात, एच. एन. सिन्हा यांच्या संपादनाखाली.

आज जगभरच्या बँका, सरकारं आणि कंपन्या ज्याला ‘डेटा रेसिडेन्सी’ म्हणतात, त्यात प्रश्न हाच असतो. नोंद माझी, पण ती राहते कुठे? आणि जिथे राहते तिथला कायदा तिच्यावर चालतो, की माझा? भारतानं या प्रश्नाचं उत्तर ज्या काही वर्षांत शोधलं, त्या वर्षांचा एक धागा नागपुरातून निघतो.

१४ एप्रिल २०१७ चा दिवस. आंबेडकर जयंती. पंतप्रधान नरेंद्र मोदी सकाळी दीक्षाभूमीवर गेले, कोराडीला औष्णिक वीज केंद्राचे नवे संच राष्ट्राला अर्पण केले आणि मानकापूरच्या क्रीडा संकुलात आले. नोटाबंदीनंतर देशभर शंभर दिवस, शंभर शहरांत डिजिधन मेळावे भरले होते. त्यांचा समारोप नागपुरात होता. तिथे ‘भीम-आधार’ या व्यवस्थेचं लोकार्पण झालं. ‘भीम’ हे अॅप आधीच्या ३० डिसेंबरला आलं होतं. त्याला लागणारा स्मार्टफोनही ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी हे नवं दार. दुकानदाराकडे एक फोन आणि ठसा घेणारं छोटं यंत्र असलं की पुरे. गिऱ्हाईक फक्त अंगठा टेकवणार.

अंगठा या देशात फार जुना आहे. सावकाराच्या वहीवर तो उमटला, तलाठ्याच्या कागदावर उमटला, बहुतेकदा ज्याचा होता त्याला काय लिहिलंय हे न कळताच उमटला. अंगठा देणाऱ्याला लाज वाटू नये, तोच त्याची बँक व्हावा, ही कल्पना खरोखर मोठी होती. महाराष्ट्राला तिचं नातं जवळचं, कारण देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला होता.

आता तो अंगठा टेकवल्यावर काय होतं ते पाहू. ठशाची खूण दुकानदाराच्या बँकेकडे जाते. तिथून राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या यंत्रणेत. ठसा खरा की खोटा हे आधार प्राधिकरणाची विदा-केंद्रं सांगतात. ती बंगळुरूला आणि हरियाणातल्या मानेसरला आहेत. मग गिऱ्हाइकाच्या बँकेत पैसे आहेत का हे विचारलं जातं आणि उत्तर त्याच वाटेनं परत येतं. हा सगळा प्रवास देशातल्या देशात.

त्याच दुपारी सीताबर्डीवरच्या एखाद्या दुकानात कोणी विदेशी कंपनीचं कार्ड यंत्रात सरकवलं असेल तर त्याची नोंद कुठल्या कुठे जाऊन आली असेल. नागपूरचं दुकान, नागपूरचं गिऱ्हाईक, दोघांच्या बँका भारतातल्या, रक्कम रुपयांत. तरीही मधली कंपनी अमेरिकेतली असल्यामुळे कोणी, कधी, कुठे, किती खर्च केला याची नोंद परदेशातल्या सर्व्हरवर जाऊन बसायची. यात गैर असं काहीच नव्हतं, कारण तसं करू नका असं कोणी सांगितलेलंच नव्हतं.

कायदा अगदीच मुका होता असं मात्र नाही. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा स्पष्ट सांगतो की केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय सरकारी कागदपत्रं भारताबाहेर नेता येणार नाहीत. संगणकानं तयार केलेला मजकूरही त्या व्याख्येत आहे. इंटरनेट अजून घराघरांत पोचायचं होतं तेव्हाचा हा कायदा. संघाचे माजी प्रचारक के. एन. गोविंदाचार्य २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयात गेले ते याच कलमाचा आधार घेऊन. सरकारी अधिकारी विदेशी कंपन्यांच्या फुकट ईमेलवरून कारभार करतात, म्हणजे सरकारी कागद रोज देशाबाहेर जातात, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी एडवर्ड स्नोडेननं अमेरिकी पाळतीचे कागद उघड केले आणि त्या याचिकेकडे बघायची लोकांची नजर बदलली. सरकारचं ईमेल धोरण २०१५ साली निघालं.

तोवर ‘क्लाउड’ हा शब्द रुळला होता. नाव ढगाचं असलं तरी वस्तू जमिनीवरची असते. वातानुकूलित इमारत, रांगेनं लावलेली यंत्रं, दोन-तीन ठिकाणांहून येणारी वीज, आणि सातबाऱ्यासकट एक पत्ता. भारतीय कंपनीनं क्लाउड भाड्यानं घ्यायचा म्हटला की बरीच वर्षं त्या यंत्रांचा पत्ता सिंगापूर किंवा अमेरिका असायचा. मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०१५ मध्ये पुणे, चेन्नई आणि मुंबई इथे आपली केंद्रं उघडली. अॅमेझॉन जून २०१६ मध्ये मुंबईत आलं, गूगल २०१७ च्या अखेरीस. महाराष्ट्र सरकारनं जानेवारी २०१८ मध्ये क्लाउडचं धोरण जाहीर केलं, तेव्हा मुख्यमंत्री नागपूरचेच देवेंद्र फडणवीस होते. ‘नोंद देशात ठेवा’ असा हुकूम काढायचा तर ती ठेवायला देशात जागा हवी. ती जागा या तीन वर्षांत तयार झाली. नुसत्या स्वाभिमानानं हे साधलं नसतं.

दुसरा धागा न्यायालयातला, आणि तोही नागपूरचा. शरद अरविंद बोबडे नागपुरात जन्मले, नागपूर विद्यापीठात शिकले, इथल्याच खंडपीठासमोर त्यांनी वकिली केली. वडील अरविंद बोबडे राज्याचे महाधिवक्ता होते. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली आधारविरुद्ध याचिका केली होती. ती ज्या तीन न्यायमूर्तींपुढे आली त्यांत चेलमेश्वर आणि नागप्पन यांच्यासोबत बोबडे होते. सरकारच्या वकिलांनी १९५४ आणि १९६२ चे जुने निकाल पुढे ठेवले आणि म्हटलं की भारतीय राज्यघटनेत खासगीपणाचा मूलभूत हक्क नाहीच. ११ ऑगस्ट २०१५ रोजी त्या पीठानं हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी, मानकापूरच्या कार्यक्रमाला चार महिने दहा दिवस झालेले असताना, नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं निकाल दिला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मुख्य निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांचं. बोबडे यांनी आपलं सहमतीचं निकालपत्र वेगळं लिहिलं आणि त्यात ते फार जुन्या घरापर्यंत गेले. खासगीपणा ही पश्चिमेकडून आलेली चैन आहे या म्हणण्याला उत्तर देताना त्यांनी गृह्यसूत्रांचा दाखला दिला, ज्यांत घर कसं बांधावं म्हणजे आतल्या माणसांचा आडोसा राहील हे सांगितलं आहे. अर्थशास्त्राचाही दिला, ज्यात मालकाच्या संमतीवाचून दुसऱ्याच्या घरात शिरायला मनाई आहे. डेटाच्या चर्चेत हा दाखला जितका आठवला जायला हवा होता तितका आठवला गेला नाही. घर कुठे आहे एवढ्यानं भागत नाही, दार कोणाच्या हातात आहे तेही पाहावं लागतं, हे त्यात होतं.

या निकालाच्या आधीच, ३१ जुलै २०१७ रोजी, सरकारनं डेटा संरक्षणाचा कायदा सुचवण्यासाठी एक समिती नेमली होती. अध्यक्ष न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींवरचा अहवाल ज्यांच्या नावानं ओळखला जातो, तेच. समितीची कामं चालू राहिली. रिझर्व्ह बँक मात्र तिच्यासाठी थांबली नाही.

६ एप्रिल २०१८ रोजी तिनं जे परिपत्रक काढलं ते जेमतेम एका पानाचं आहे. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याखालचे अधिकार वापरून बँकेनं सांगितलं की देशात पैसे देण्याघेण्याची यंत्रणा चालवणाऱ्या प्रत्येकानं व्यवहाराचा संपूर्ण तपशील केवळ भारतातल्याच यंत्रणेत ठेवावा. व्यवहाराचा एखादा भाग परदेशात घडत असेल तर तेवढ्याची नोंद तिकडेही ठेवता येईल. मुदत सहा महिने, १५ ऑक्टोबरपर्यंत पूर्तता कळवायची. वर्षाअखेरीपर्यंत मान्यताप्राप्त तपासनीसाकडून तपासणीचा अहवाल आणायचा, आणि तो कंपनीच्या संचालक मंडळानं मंजूर केलेला हवा. कारणही दिलं होतं. मोजक्याच कंपन्या नोंदी भारतात ठेवतात, आणि देखरेख करायची तर बँकेला त्या विनाअडथळा पाहता आल्या पाहिजेत.

यातला ‘केवळ’ हा शब्द कंपन्यांना सर्वांत जड गेला. एक प्रत भारतात ठेवतो, मूळ आमच्याकडे राहू द्या, अशी त्यांची मागणी होती. मागणी वाजवी वाटते. पण रिझर्व्ह बँक जन्मापासून ज्या वस्तूची राखण करत आली आहे तिच्याशी ताडून पाहिलं की फरक लक्षात येतो. जुलै १९९१ मध्ये परकीय चलनाच्या टंचाईत बँकेला सुमारे ४७ टन सोनं विमानानं बाहेर पाठवून गहाण ठेवावं लागलं होतं. त्याची सल देशाच्या मनात अजून आहे. देशात ठेवलेलं सोनं मुंबईत आणि नागपुरात सांभाळलं जातं. २०२४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत देशातला साठा ४०८.३१ टनांवरून ५१०.४६ टनांवर गेला, कारण लंडनला ठेवलेलं शंभरेक टन सोनं परत आणलं गेलं. सोनं नेलं की जागा रिकामी दिसते, आणलं की भरलेली दिसते. नोंदीचं तसं नाही. ती परदेशात नेली तरी इथली जागा भरलेलीच दिसते. म्हणून ‘भारतात’ एवढं म्हणून चालत नव्हतं, ‘केवळ’ म्हणावंच लागलं.

त्या उन्हाळ्यात जगातही बरंच काही घडत होतं. अमेरिकेतला एक खटला २०१३ पासून गाजत होता. मायक्रोसॉफ्टच्या आयर्लंडमधल्या सर्व्हरवरचे ईमेल अमेरिकी तपास यंत्रणेला मागता येतात का? तो सर्वोच्च न्यायालयात पोचला असतानाच अमेरिकी संसदेनं २३ मार्च २०१८ रोजी ‘क्लाउड अॅक्ट’ संमत करून वाद मिटवला. कंपनी अमेरिकेच्या अधिकारक्षेत्रातली असेल तर तिच्या ताब्यातला डेटा जगात कुठेही असो, तो मागता येईल. भारताचं परिपत्रक यानंतर बरोबर चौदा दिवसांनी आलं. अमेरिकेचा कायदा कंपनीच्या मागे जातो आणि भारताचा हुकूम यंत्राच्या पत्त्यावर जातो, हे तेव्हा कोणी एकत्र ठेवून पाहिलं असेल तर त्याला एक गोष्ट उमगली असेल. पुण्यातल्या इमारतीत ठेवलेली नोंदही, इमारत अमेरिकी कंपनीची असेल तर, दोन कायद्यांच्या छायेत राहते. पत्ता भारताचा झाल्यानं निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं अवघड आहे.

२५ मे रोजी युरोपचा डेटा संरक्षण कायदा लागू झाला. २७ जुलैला श्रीकृष्ण समितीचा अहवाल आला.

आणि ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर दरोडा पडला. ११ ऑगस्टला चोरांनी बँकेच्या कार्डांचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी आपली बनावट यंत्रणा उभी केली. २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. देशातल्या देशात आणखी अडीच कोटी गेले. १३ तारखेला बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या ‘स्विफ्ट’ या मार्गानं जवळपास १४ कोटी हाँगकाँगला वळवले गेले. एकूण ९४ कोटींवर रक्कम. बँक पुण्याची, यंत्रणा पुण्याची, नोंदी पुण्याच्या. घर आपलं असलं तरी कडी तुटू शकते, याचा इतका महागडा धडा महाराष्ट्राला आधी मिळाला नव्हता. ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट काढली. विदर्भातल्या कित्येक लहान बँकांत तोवर संगणक म्हणजे गावातल्या एखाद्या विक्रेत्यानं बसवून दिलेली वस्तू होती, त्यांना ही चौकट पहिल्यांदाच कागदावर भेटली.

मुदत जवळ आली तशी ओढाताण वाढली. अमेरिकी सिनेटचे जॉन कॉर्निन आणि मार्क वॉर्नर यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून नियम सैल करण्याची विनंती केली. तेव्हाचे गव्हर्नर ऊर्जित पटेल यांच्या रिझर्व्ह बँकेनं मुदत वाढवली नाही. मास्टरकार्डनं सांगितलं की ६ ऑक्टोबर २०१८ पासून भारतातल्या व्यवहारांच्या नव्या नोंदी ते पुण्याच्या आपल्या तंत्रज्ञान केंद्रात ठेवत आहेत. परदेशातल्या जुन्या नोंदी पुसण्याचा प्रश्न उरला होता. त्या पुसल्या तर फसवणूक ओळखण्याची ताकद हळूहळू कमी होईल, असा इशारा कंपनीनं दिला. या म्हणण्यात तथ्य होतं. चोर देशांच्या सीमा पाळत नाही, आणि एकाच भामट्याची कार्डं तीन खंडांत वापरली जात असतील तर तिन्ही खंडांतल्या नोंदी शेजारी ठेवूनच तो सापडतो. २६ जून २०१९ रोजी बँकेनं खुलासा केला. व्यवहारावर प्रक्रिया परदेशात करता येईल, पण नोंद तिथून पुसून एक कामकाजी दिवस किंवा २४ तास, यांतलं जे आधी होईल, तेवढ्यात भारतात आणावी लागेल. म्हणजे पाहुणी म्हणून जा, वस्तीला राहू नको.

नियम किती खरा हे कळतं तो मोडल्यावर. ती वेळ २०२१ मध्ये आली. त्या फेब्रुवारीत, तोवर सरन्यायाधीश झालेल्या बोबडे यांच्यासमोर व्हॉट्सअॅपच्या नव्या धोरणाचं प्रकरण आलं. युरोपातल्या माणसाला एक वागणूक आणि भारतातल्याला दुसरी का, हा प्रश्न होता. तुमची कंपनी अब्जावधींची असेल, पण लोकांना पैशापेक्षा आपला खासगीपणा मोलाचा वाटतो, अशा अर्थाचं त्यांनी कंपनीच्या वकिलांना सुनावलं. २३ एप्रिल २०२१ रोजी ते निवृत्त झाले. योगायोग असा की त्याच तारखेच्या आदेशानं रिझर्व्ह बँकेनं अमेरिकन एक्स्प्रेस आणि डायनर्स क्लब यांना १ मेपासून नवे भारतीय ग्राहक घ्यायला बंदी केली. जुलैत मास्टरकार्डची पाळी आली. २२ जुलैपासून नवं कार्ड नाही, डेबिट, क्रेडिट, प्रीपेड, काहीच नाही. पुरेसा वेळ आणि संधी देऊनही पूर्तता झाली नाही, असं बँकेनं म्हटलं. ज्यांच्याकडे कार्ड होतं त्यांचं काही अडलं नाही. पण ज्या भारतीय बँका सगळी क्रेडिट कार्डं त्याच कंपनीची देत होत्या, त्यांना घाईघाईनं दुसरा घरोबा शोधावा लागला. डायनर्सची बंदी नोव्हेंबर २०२१ मध्ये उठली, मास्टरकार्डची १६ जून २०२२ रोजी, अमेरिकन एक्स्प्रेसची त्या ऑगस्टमध्ये.

एका पानाच्या परिपत्रकानं जगातल्या सर्वांत मोठ्या कार्ड कंपन्यांना नमवलं, ही गोष्ट अभिमानाची आहे आणि ती तशीच सांगायला हवी. पण ते परिपत्रक कशासाठी होतं हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. ते देखरेख करणाऱ्यासाठी होतं. नोंद रिझर्व्ह बँकेला दिसावी म्हणून. ती ज्याची आहे त्याला ती दिसावी, दुरुस्त करता यावी, पुसून मागता यावी, याबद्दल त्यात एक शब्द नाही. तो शब्द दुसऱ्या रस्त्यावरून, पुट्टस्वामी निकालाच्या रस्त्यावरून यायचा होता, आणि तो रस्ता फार लांबला.

श्रीकृष्ण समितीच्या मसुद्यात वैयक्तिक माहितीची निदान एक प्रत देशात ठेवण्याची सक्ती होती. ११ डिसेंबर २०१९ रोजी सरकारनं मांडलेल्या विधेयकात ती मवाळ झाली. संयुक्त संसदीय समितीनं दोन वर्षं घेतली, ८१ दुरुस्त्या सुचवल्या, आणि ३ ऑगस्ट २०२२ रोजी विधेयकच मागे घेण्यात आलं. अखेर ११ ऑगस्ट २०२३ रोजी जो कायदा झाला त्यानं उलटी वाट धरली. माहिती परदेशात नेता येईल, सरकार ज्या देशांना मनाई करेल ते सोडून. दुसऱ्या एखाद्या कायद्यात याहून कडक बंधन असेल तर ते मात्र कायम राहील. म्हणून २०१८ चं ते एक पान अजून जागेवर आहे. भांडवली बाजारासाठी सेबीनं मार्च २०२३ मध्ये क्लाउडची स्वतःची चौकट घातली, रिझर्व्ह बँकेनं त्याच एप्रिलमध्ये बाहेरून घेतल्या जाणाऱ्या तंत्रसेवांची. पैशाच्या नोंदीला देशात पक्कं घर मिळालं. माणसाच्या बाकी माहितीला मिळालं ते भाड्याचं.

आणि अंगठा? त्याची नोंद पहिल्या दिवसापासून देशातच होती. तरी मधल्या वर्षांत काही राज्यांत जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून, ते सिलिकॉनवर उमटवून, याच अंगठ्याच्या मार्गानं गरिबांच्या खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे नोंदले गेले. पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. आधार प्राधिकरणानं ठसे कुलूपबंद ठेवण्याची सोय दिली आहे, पण ती ज्याला वापरता येते तो बहुधा अंगठ्यानं पैसे काढणारा नसतो.

२०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. आपली माहिती कोणाकडे आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून किंवा पुसून मागण्याचा हक्क त्यांतल्या तरतुदींनुसार अठरा महिन्यांनंतर लागू व्हायचा आहे, म्हणजे मे २०२७ मध्ये. मानकापूरच्या त्या दिवशी ज्यानं भरवशानं यंत्रावर अंगठा टेकवला असेल, त्याला तो हक्क मिळेपर्यंत दहा वर्षं आणि एक महिना झालेला असेल.